पोटखराबा

सातबाऱ्यावर माझी जमीन एक हेक्टर चार आर.
त्यातली तेवीस आर पोटखराबा,
म्हणजे सरकारच्या मते इथे काही येत नाही.
मी नेमकी त्या तेवीस आरसाठी मदत मागायला निघाले.

सासवडच्या कार्यालयात पंखा फिरतो,
वारा मात्र भिंतीवरच्या कॅलेंडरलाच लागतो.
बोरावके भाऊंनी विचारलं, ठिबक? फळबाग? शेततळं?
म्हटलं, उतार.
माती जाते हो खाली, दरवर्षी थोडी थोडी,
माहेरी आलेली लेक निघताना
आईची नजर चुकवून एकेक डबा पिशवीत टाकते, तशी.
ते म्हणाले, उतार नावाची योजना नाही, मावशी.
पुण्याला विचारा.

घाट उतरून पुणे. शिवाजीनगर.
तिसरा मजला, मग पहिला, मग परत तिसरा.
जेवणाची सुट्टी संपायची वाट बघत बसले,
पिशवीत आठ-अ, बँकेचं पुस्तक, दोन केळी.
शेवटी कोपऱ्यातल्या टेबलावरच्या एका बाईंनी
माझ्याच पावतीच्या पाठीवर लिहून दिलं:
समतल चर. गवत. दगडी बांध.
मी ते बसमध्ये चारदा वाचलं.
बावीस वर्षं मला जे हवं होतं
त्याला नाव होतं तर!

मग ओटीपी.
तो जातो पुतण्याच्या फोनवर,
पुतण्या भोसरीत, रात्रपाळी करून झोपलेला.
सेवा केंद्रातला पोरगा म्हणाला, वेळ संपली.
दुसऱ्या दिवशी संपली. तिसऱ्या दिवशीही.
चौथ्या दिवशी मी पुतण्याच्या बायकोला फोन केला,
म्हटलं, ज्योत्स्ना, त्याच्या उशाशी बस.

सोडतीत नाव आलं तेव्हा मी भाकरी थापत होते.
पिठाच्या बोटाने मेसेज उघडला,
आणि तव्यावरची करपली.

मुल्ला मॅडम आल्या त्या स्कूटीवर,
डिकीत फक्कीची पिशवी, पाण्याने भरलेली लांब नळी.
एक टोक माझ्या हातात, एक त्यांच्या.
दोन्हीकडे पाणी थांबलं की ती एक रेघ.
पांढरी रेघ माळावरून पुढे सरकत गेली
आणि मध्येच टिटवी ओरडायला लागली.

चार अंडी. खड्यांत खड्यांसारखी.
मॅडम उकिडव्या बसल्या, बराच वेळ.
म्हणाल्या, मोबाईलवर फोटो सरळ रेघेचा लागतो.
मी काही बोलले नाही.
मग त्यांनी फक्की पायाने पुसली,
हातभर वरून वळण घेतलं,
आणि रजिस्टरात लिहिलं: खडकामुळे.

आता चर भरतात, रिकामे होतात.
खालच्या बांधाशी माती हातभर साठलीय.
नवा उतारा काढला परवा, पंधरा रुपये दिले.
अजून तसंच लिहिलंय, पोटखराबा, तेवीस आर.
दुरुस्तीचा अर्ज करा म्हणाले बोरावके भाऊ.
बघू.
लागवडीयोग्य लिहिलं, तर उद्या कोणी विचारेल,
मग इथे लावत का नाही काही.