पिवळं खातं

माघ सरत आला की गोठिवलीतली थंडी
फक्त पहाटेच्या टाकीच्या पाण्यात उरते.
मी गच्चीवर जातो, पत्रा सरकवतो,
नऊ कोंबड्यांना भरडा घालतो:
मका, थोड्या कण्या, पोत्याच्या तळाची भुकटी.

मंगळवारी भांड्यातून आवाज आला.
आधी वाटलं, खाली कुणाचा मिक्सर.
वाकून पाहिलं तर मधमाश्या.
सातेरी. वीस-पंचवीस.

दाण्याला शिवत नव्हत्या.
भुकटीत लोळायच्या,
हातभर वर उठून हवेत थांबायच्या,
अंग झाडायच्या, पुसायच्या,
आणि मागच्या पायांना पिवळे गोळे बांधून
जयेंद्रच्या बंद खोलीच्या मीटरपेटीत शिरायच्या.

लंगडीने एक टिपली.
मग बराच वेळ मान झटकत उभी राहिली,
मथुराची थोरली बहीण
जावयाचं नाव निघालं की राहायची तशी.

फुलं नव्हती कुठे.
गवळीदेवाच्या उतारावर वणवा फिरून गेलेला,
आंब्याचा मोहोर धुक्याने काळवंडलेला,
आणि नाल्याकाठचे पांगारे कुणी नेले
ते सगळ्यांना माहीत आहे,
म्हणून कुणी बोलत नाही.

मी अठ्ठावीस वर्षं रबाळ्याला
रंगाची भुकटी पोत्यांत भरली.
नाकाला फडकं, तरी ती कानात, पापणीत, नखांत.
वास तेव्हाच गेला माझा.
मथुरा मला दारातच थांबवायची,
बनियन दोन बोटांत धरून म्हणायची,
“आज पिवल्यान व्हते वाटतं.”
एकदा महिनाभर पिवळा येऊन अचानक निळा आला
तर म्हणाली, “बदली झाली वाटतं,”
आणि हसत राहिली
बादलीतलं पाणी निळं होईपर्यंत.

म्हणून ते झाडणं-पुसणं ओळखीचं वाटलं.
फरक एवढाच,
मी घरी जाऊ नये म्हणून झाडायचो,
आणि ह्या घरी न्यायला.

जयेंद्र म्हणाला, “काका, औषधवाल्याला फोन करू?”
म्हटलं, थांब आठवडाभर.

त्रिशाने विचारलं, “आजोबा, मक्याचा मध होईल?”
मध नाही गं. आत पोरं आहेत त्यांची.
ही त्यांची पेज.
“पण हे फुलातलं नाही ना?
त्यांना कळत नाही?”
मी बांधलेलं पोतं सोडून पुन्हा बांधलं.
रेशनवर लाल मिलो आला होता त्या साली
आईने त्याला धान्यच म्हटलं होतं
आणि आमच्याकडे न बघता वाढलं होतं.

संध्याकाळी मथुराची पिठाची चाळणी काढली,
ती गेल्यावर पहिल्यांदाच.
तारेत एका कोपऱ्याला जुनं पीठ अडकलेलं.
ते तसंच ठेवून भरडा चाळला.
जाड कोंबड्यांना, बारीक ताटलीत, टाकीच्या आडोशाला.
कुणी कुणाला ढकललं नाही असं म्हणणार नाही.
ढकललं. लंगडीने तर ताटलीत पाय दिला.
पण माश्या तिच्या पायाभोवतीनेही भरत राहिल्या,
पाळी संपायच्या आधी आम्ही भरायचो तशा,
वर न बघता.

नवव्या दिवशी ताटली तशीच.
दहा वाजले, अकरा.
पीठ वाऱ्याने पत्र्यावर गेलं.
रागच आला म्हणा ना थोडा.
चाळून हात दुखले होते.

मग कोंबड्यांच्या पाण्यावर एक दिसली,
भांड्याच्या काठाला धरून, शेपूट हलवत पीत होती.
पायांना गोळे होते. शेंदरी.
आमच्या गच्चीवर शेंदरी काही नाही.
गोठिवलीतही, मला ठाऊक असलेलं, नाही.
कुठे काय फुललं, विचारणार कुणाला?

“बदली झाली वाटतं,” मी म्हणालो,
मोठ्याने, चाळणी हातात घेऊन.
लंगडीने मान तिरकी करून पाहिलं.
ती उडाली.
पाण्यात थोडा रंग उतरला होता का,
चष्मा खाली राहिला होता,
दिसलं नाही.