डाव्या हाताची दोन बोटं

शाळेच्या व्हरांड्यात मी दोनदा रांगेला लागले.
पहिल्यांदा मी, सत्वशीला ताठे, वय एकतीस,
पहिलीच्या वर्गात, जिथं भिंतीवरचं अननस
अजून अर्धंच रंगवलेलं आहे.
दुसऱ्यांदा मी अश्रुबा.

बन्सीनं टेबलावर थाप मारली :
"हिचं झालंय! बोट बघा, शाई वाळली नाही अजून."
मागं कुणीतरी फिसकन हसलं.
साहेब जिंतूरकडचे, मास्तरच असावेत,
काखेत घामाचे नकाशे,
त्यांनी पुस्तक उघडलं, मिटलं, पुन्हा उघडलं.
मी पिशवीतून कागद काढला.
त्यावर आधी नवऱ्याची सही,
मग त्याच्या साहेबाची, मग गोल शिक्का,
की माझं मत माझी बायको टाकील.

कागद तिकडून आला.
तिकडून म्हणजे कुठून, ठाऊक नाही.
पत्त्यात गावच नाही. छप्पन ए.पी.ओ., बस्स.
पोस्टातल्या मुंजाजीला विचारलं होतं एकदा,
छप्पन कुठं येतं हो? नांदेडच्या पल्याड?
म्हणला, वहिनी, पत्र पोचतं. मला तेवढंच माहीत.

फोनवर त्याला तीन मिनिटं मिळतात.
एक वाऱ्याचं.
एक लेकराचं, ते बोलत नाही, नुसता श्वास घेतं.
उरलेल्यात तो म्हणाला,
"बोअरवाल्याला दे. माझं."
"बरं, देते तुमचं."
(फोनवर तुम्ही. मनात तू.)
तुझं कुणाला, हे त्यानं विचारलं नाही.

बोअर दिला त्या माणसानं वस्तीवर, खोटं कशाला बोलू.
पण त्या रात्री उपकेंद्राला कुलूप होतं
आणि चावी त्याच्या भावाच्या खिशात, लग्नाला, परभणीला.
दुधनेच्या पुलाअलीकडंच,
टेम्पोत, सरकीच्या पोत्यांवर
लेकरू झालं.
तिकडं एवढंच कळवलं : मुलगा. दोघं सुखरूप.
बर्फातल्या माणसाला पूल कशाला दाखवायचा?

"मधलं बोट द्या," साहेब म्हणाले.
"तुमचं पहिलं. त्यांचं मधलं."
शाई गार लागली.

पुठ्ठ्याच्या आडोशाला मी आणि यंत्र.
वर पत्रे तडतडत होते उन्हानं.
माझं मघाशीच देऊन झालं होतं, तिला,
जिच्या पत्रकावर फोटो बारका
आणि दवाखान्याचा हिशेब मोठा होता.
आता अंगठा दोन बटणांच्या मधे थांबला.
कुणी बघत नव्हतं. कुणाला कळणार नव्हतं.
त्याला पुलाचं माहीत असतं तर
त्यानंही हेच बटण दाबलं असतं,
मी मनाशी म्हटलं.
पण माहीत नव्हतं.
मीच सांगितलं नव्हतं.
जे सांगितलंच नाही त्याचं मत
त्याच्या नावावर कसं टाकू?

दाबलं.
लाल दिवा. काचेआड चिठ्ठी. बोअरवाला.
सात सेकंद राहते म्हणे ती.
तेवढा वेळ तो माझ्या बाजूला उभा होता,
कोपराला कोपर लागेल असा.
मग चिठ्ठी खाली पडली
आणि यंत्र लांब ओरडलं.

एका घरची दोन मतं, एकमेकांना खाऊन बसली.
वजाबाकी केली तर शून्य.
मोजणाऱ्यांनी मात्र दोन्ही मोजली असतील.
निवडून तिसराच आला.

अठरा दिवसांनी फोन.
"दिलंस?"
"दिलं."
"त्यालाच?"
"तुमचं त्यालाच."
थोडा वेळ वाराच बोलला.
"अन् तुझं?"
"सुट्टीवर ये, सांगते," मी म्हटलं,
"पुलापासून सांगते."
तू म्हणून बसले, ते फोन ठेवल्यावर ध्यानात आलं.

मधल्या बोटाचं नख जरा भरभर वाढतं,
हे मला या खेपेला कळलं.
त्याची शाई आधी वर सरकली,
आधी कापली गेली.
माझी आहे अजून, एवढीशी.