दुसरं गेट

टिळकवाडीत, दुसऱ्या रेल्वे गेटाच्या अंगाला,
झेरॉक्सच्या दुकानावर माझी खोली.
दोन खुर्च्या, टेबलफॅन, भिंतीत ओल.
भरमाणी होनगेकर दर बुधवारी येतो, ड्यूटी उतरून,
खाकीवर तिकीट-मशीनच्या पट्ट्याचा तिरपा घामट डाग.

बसमध्ये तो नुसता वाहतो.
मुंद होग्री, मुंद होग्री, चिल्लर कोडरी, यार री हत्तरगी?
कुठे खडा लागत नाही.
घरी आला की मराठी. आणि मराठीत
पहिलंच अक्षर गंजलेल्या कडीसारखं अडतं.
म... म... म...
बायको तेवढ्यात मीठ पुढे सरकवते.

पौष सरला की लेकीचा साखरपुडा. व्याही चंदगडचे.
चार माणसांत बापाने एक वाक्य बोलायचं आहे.
हे त्याने मला सांगितलं कन्नडात, सरळ.
मी मराठीत विचारते, तो कन्नडात उत्तरतो,
असा आमचा करार.

माझ्या कपाटात माणसाचे नकाशे आहेत, पाच-सहा,
सगळे लांबच्या शहरांत काढलेले.
एक म्हणतो, माणूस म्हणजे तळघर. जिना उतर.
उतरलो. चार बुधवार.
मी छडी घेतलेला बाप शोधत होते.
सापडला तो रताळी काढताना, मातीत बसलेला,
कमी बोलणारा, बरा माणूस.
मारलं कधी?
इल्ल री.
खरं सांगते, मला थोडं वाईट वाटलं.

दुसरा म्हणतो, तळघर-बिळघर काही नाही, सवय आहे,
लागली तशी सुटेल. पायरी पायरीने घ्या.
आधी आरशाशी, मग म्हशीशी, मग मेहुण्याशी.
म्हशीपर्यंत छान गेलं.

तिसऱ्याकडे प्रश्नावली, पुण्यात भाषांतर झालेली.
'आपण समारंभात पुढाकार घेता काय?'
त्याचं पेन थांबलं. बसमध्ये, का घरात?
एका माणसाला एकच रकाना पुरतो असं ठरवणारा
निपाणी-बेळगाव गाडीत कधी उभ्याने आलेला नसावा.

चौथा विचार तपासायला लावतो.
'अडलो तर लोक हसतील.' याला पुरावा काय?
त्याने पुरावा दिला. साल, गाव, हसणाऱ्यांची नावं.
त्यातला एक नात्यात.

पाचवा नुसतं म्हणतो, जवळ बस.
दुरुस्त करू नको. त्याचं त्याला उगवू दे.
हे मला सगळ्यांत जड गेलं.
बसले. तोही बसला. पंखा एकदा त्याच्याकडे,
एकदा माझ्याकडे.

तेव्हा गेट पडलं. घंटा.
मालगाडी आली आणि खोली,
थंडीत दात वाजावेत तशी वाजू लागली.
त्या आवाजात भरमाणी उठून उभा राहिला
आणि बोलू लागला.
ओठ मराठीचे होते. त्याचे कन्नड ओठ मी ओळखते.
एक हात पुढे, समोर पाहुणे असावेत तसा.
कुठे अडला नाही. निदान अडलेला दिसला नाही.
मला एक शब्द ऐकू आला नाही.

शेवटचा डबा गेला. तो खाली बसला.
काय म्हणालात?
म... म...
आणि हसला.

पुस्तकांत याचं कारण आहे:
आपलाच आवाज कानी आला नाही
की जीभ स्वतःवर पहारा ठेवत नाही.
पहारा म्हटलं की तळघरवाला पुढे सरसावतो,
सवयवाला म्हणतो, बघा, सांगत होतो,
आणि पाचवा काहीच म्हणत नाही, जे त्याला शोभतं.
केसपेपरवर निदानाची ओळ मी रिकामी ठेवली आहे.

जिन्यात वळून त्याने विचारलं,
पुढच्या बुधवारी मा... मा...
मराठीत विचारत होता.
खाली गेट उघडलं होतं, रिक्षा हॉर्न मारत होत्या.
पुढचा शब्द मला माहीत होता.
मी कठड्याला हात लावून उभी राहिले,
दिला नाही.
मा... मा...
मालगाडी कितीला?