उलटा एन

देवळालीहून मेसचा हवालदार येतो,
ट्रंकेत हिरव्या बनातीत गुंडाळलेली भांडी.
"वीस तारखेला बडा खाना आहे, काका.
नावं वाचता येत नाहीत. साहेब म्हणाले, पुन्हा खोदून आण."

मी एकेक काढून दिव्याखाली धरतो.
मीठदाणी : मेजर कुट्टप्पा, लग्नानिमित्त.
कुठल्याशा पोलो सामन्यातला तीन पायांचा घोडा.
सिगारची पेटी, आत अजून लाकडाचा वास,
देणाऱ्याच्या आडनावाचं नुसतं शेपूट उरलंय.

रीतच होती म्हणे,
पलटण सोडताना एक भांडं मागे ठेवायची.
आपण नसलो तरी पंगतीत असतो.
आणि दर शनिवारी कुणीतरी खडूची भुकटी घेऊन
त्या असण्यावरून फडकं फिरवायचं.
ऐंशी वर्षं.
नाव चकचकीत होत होत गेलं.

तळाशी दुधाचा जग.
लेफ्टनंट हॅन्सन, सन चव्वेचाळीस.
नखानं चाचपावं लागतं.
पहिला एन सरळ, दुसरा उलटा,
आरशात पाहिल्यासारखा.

दादांना इंग्रजी येत नव्हतं.
कागदावरची अक्षरं ते वेलबुट्टीसारखी उतरवायचे.
सांगायचे, पोरगा टांग्यातून सराफ बाजारात आला,
मिसरूड फुटायचं होतं.
चूक पाहून हसला.
घासून काढतो, दादांनी खुणेनं म्हटलं;
तो मान हलवून म्हणाला, राहू दे.
दोन दिवसांनी त्याची गाडी होती, ब्रह्मदेशाकडे.

"तेवढं अक्षर नीट करा," हवालदार म्हणतो,
"साहेबांच्या डोळ्यात येईल."
मी हूं म्हणतो. कलमाला धार लावतो.

नाव खोदणं म्हणजे तरी काय,
तेवढी चांदी काढून टाकणं.
हॅन्सनच्या नावाचा कीस तेव्हा
दुकानाच्या उंबऱ्यावरून झारेकऱ्याच्या परातीत गेला असणार,
गोदेत धुऊन, आटवून,
कुणाच्या तरी पायातली जोडवी झाला असणार.
ती बाई कोण, पोरगा परतला का,
ट्रंकेतल्या यादीत एवढंच आहे :
जग, एक नग, बावीस तोळे, कडी सैल.

कडी आधी बसवतो.
मग हात दादांसारखा धरतो;
थरथरतो, तोही त्यांच्यासारखाच.
बाहेर हवालदार बशीत चहा ओततोय.
शेवटच्या एनची तिरपी रेघ
मी खालून वर नेतो.