चुटकी

बुकॅननच्या धक्क्यावर मासळी उतरली
की टुग्बे भेटेल त्याचा हात धरतो.
सोडता सोडता मधलं बोट मधल्या बोटाला अडकतं
आणि टच्!
दोघांत मिळून एक चुटकी.

मासे खारवणाऱ्या बायका सांगतात,
मालक गुलामाचं बोट मोडून ठेवत, खुणेसाठी.
सुटून आले त्यांनी या वाळूवर
आधी एकमेकांची बोटं वाजवून पाहिली.
म्हातारा गार्मोन्डे म्हणतो, छे,
क्रू खलाशी त्याआधीही असेच भेटायचे.
कागद कुणाकडेच नाही.
एवढं खरं, की चुटकीसरशी
कुणीच सुटलं नव्हतं.

आज त्याची नात व्हॉन्यी बारावी पास झाली.
अख्खा धक्का वाजतोय,
तापल्या वाळूत मका फुटावा तसा.
म्हातारा मात्र हात खिशात घालून उभा.
जाळ्याच्या दोराने चेंगरलेलं बोट
तेवीस वर्षं वाकलेलं नाही.

पोरगी येते, खिशातून हात ओढून काढते,
ते ताठ बोट आपल्या दोन बोटांत धरते
आणि दोघांच्या वाटची
एकटीच वाजवते.

तो कानामागे तळवा धरतो :
ऐकू नाही आलं.
परत.