खोली नंबर पाच

अमळनेर, मे महिना, दुपारचे दोन.
टेपचं पातं चटका देतं,
म्हणून रुमालात धरून मोजतोय
हिलाल बोरसेंची चाळ. बँकेला आकडा हवाय.
"सहा धरा, साहेब," ते म्हणतात,
"सहाच शेतस. मोजी ल्या."

एक, दोन, तीन. प्रत्येकी बावीसशे.
चारला अठराशे, कारण तिची भिंत पाचचीही भिंत आहे
आणि ओल दर महिन्याला वीतभर पुढे येते.
सहाला दोन हजार.
रज्जाक पिंजारी सांगतो, दोनशे मीच कापतो,
रात्री पलीकडे स्लॅबचा पोपडा पडतो
आणि बायको उठून बसते.

पाच.
कुलूप नाही, कडीला तार गुंडाळलेली.
छताच्या सळया गंजून फुगलेल्या,
फरशीवर त्यांचा तांबडा भुगा.
नियम साधा:
जिथे माणूस राहू शकत नाही तिथे भाडं शून्य,
वर दुरुस्ती वजा. एक लाख चाळीस.
म्हणजे शून्याच्याही खाली.
ताडून बघावं तर तीन गल्ल्यांत
चार वर्षांत अशी एक चाळ विकली गेलेली नाही.

तेवढ्यात सिंधूबाई शिंपी तार सोडून आत जाते,
डोक्यावर उलटी घमेली.
आत निळे ड्रम. अकरा.
झाकणांवर खडूने नावं, एकावर नुसतं "सहा".
नळ आठव्या दिवशी येतो
आणि अख्ख्या चाळीत येतो तो इथेच,
पाचच्या मोरीत.
"आठे कोनी नही ऱ्हास, भाऊ," ती कळशी बुडवते,
"पानी ऱ्हास."

फॉर्मवर रकाना होता: वापर आहे / नाही.
मी "नाही"वर खूण केली.
खाली शेरा लिहिला:
ही खोली वजा धरल्यास उरलेल्या पाचही वजा धराव्या लागतील.
संध्याकाळी बँकेतून फोन.
"साहेब, ही ओळ कुठल्या आकड्यात बसवू?"
मी म्हणालो, खोडा.

कर्ज मंजूर झालं, पाच खोल्यांचं.
हिलालभाऊ खूश. म्हणे आधी पाचचाच स्लॅब,
मग तिथं बावीसशेचा भाडेकरू.
पुन्हा फोटो काढायला गेलो
तेव्हा सिंधूबाईनं एवढंच विचारलं,
तो उना म्हनजे ड्रम कोठे ठेवाना?

मी गाडी सावलीत लावायला विसरलो होतो.
सीटवर रुमाल टाकला आणि बसलो.