पुकारा

रात्री नऊला भिंतीपलीकडून ऐकू येतं,
"युवर ऑनर, मला एक शेवटचा पुरावा सादर करायचाय!"
मग ढोल, मग व्हायोलिन, मग केसांच्या तेलाची जाहिरात.
भिंतीच्या अलीकडे मी
उद्याच्या तीन अर्जांना कोर्ट फीची तिकिटं चिकटवत असते.
थुंकी लावून. स्पंज कधीचाच वाळलाय.

बारा वर्षं झाली गंगाखेडच्या कोर्टात.
अजून तरी कुणी पिंजऱ्यात कोसळून
"होय, मीच केलं" म्हणालेलं नाही.
कोसळला तो एकदा छताचा पोपडा,
रोजनाम्यावर.
त्याचीही नोंद झाली नाही.

उन्हाळ्यात कोटाची सक्ती नसते.
तरी घालते, त्रेचाळीस डिग्रीत.
बिनकोटाची बाई अशिलाला वकील वाटत नाही,
टीव्हीत तशी कुणी पाहिलेली नाही.

मागे एकदा चिडून ठरवलं,
आपणच लिहावी एक खरीखुरी मालिका.
भाग पहिला: साक्षीदार आला, साहेब रजेवर.
भाग दुसरा: साहेब आले, साक्षीदार कारखान्यावर ऊस तोडायला.
भाग तिसरा: सगळे आले, लाइट गेली.
भाग नववा: निजामाच्या काळातला एक कागद, उर्दूतला,
तो वाचणारा तालुक्यात एकच माणूस उरलाय
आणि गुरुवारी परभणीला त्याच्या डोळ्याचं ऑपरेशन.
भाग चाळिसावा: फी.
अर्धी रोख, अर्धी पुढच्या तारखेला,
वर पिशवीत सव्वा किलो तुरीची डाळ.
नायिका बार रूमच्या मागं अडीच वाजता
उभ्यानंच गार भाकर खाते,
कारण बायकांची खोली
जुन्या मिसलींनी भरलीय.
संगीत: पंखा.

मकबूलचाचा, माझे कारकून, सगळं ऐकून म्हणाले,
"बाईसाहेब, हे कोण बघंल?
आपण तरी बघताव का?"

बरोबरच होतं त्यांचं. राग मात्र गेला नाही.
खोटं चालतं मला, तमाशातला राजाही खोटाच असतो.
पण दर सोमवारी कुणीतरी
माझ्याकडे त्या मालिकेतल्या बाईसारखं बघतं
आणि मी "पुढची तारीख अठरा" म्हटल्यावर
माझ्या खांद्यावरून मागं बघू लागतं,
खरी वकील आत कुठं बसलीय का म्हणून.

चौतराबाईचं पोटगीचं प्रकरण होतं.
चौदा तारखा झाल्या तेव्हा मीच म्हटलं,
टीव्हीत दाखवतात तसं नसतं हो हे.
ती म्हणाली,
"ठावं हाय की.
पण खरं कामून दाखवावं त्यांनी?
खरं दाखवलं असतं तं मी आलेच नसते.
दुसऱ्याच्या घरी फरशी पुसताना बघितलं एकडाव,
एक बाई उभी ऱ्हायली आन् समदे गप बसले.
मला वाटलं, आपुनबी बघावं
समदे गप बसलेले."

यावर माझ्याकडे युक्तिवाद नव्हता.
डाळीची पिशवी उगीच या हातातून त्या हातात घेतली.

पंधराव्या तारखेला पुकारा झाला.
शिपायानं नाव चुकवलं, चित्राबाई म्हणाला.
ती पिंजऱ्यात गेली. शपथ घेतली.
साहेबांनी विचारलं, काय म्हणणं आहे?
तिनं पदर सारखा केला,
समोर पाहिलं,
आणि थांबली.
थांबूनच राहिली.
संगीताची वाट बघत असावी.
मागच्या बाकावर कुणी कुणाला
म्हशीचा भाव विचारत होतं.
टायपिस्ट म्हणाला, "बाई, मोठ्यानं बोला."

तेव्हा चौतराबाई वळली
आणि त्या म्हशीवाल्याकडे बघत राहिली,
तो गप होईपर्यंत.

मग बोलली.

जबाब दीड पान.
उलटतपास बाकी.
पुढील तारीख चोवीस.